गुप्त लिखाण : शून्य

भंडारा, १४ जुलै १९८८

प्रति,
श्री. बुधराम,
बंगलोर.

विषय : मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रामची फ्लॉपी मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आमच्या तलाव नोंदणी कक्षात मागील वर्षी एक युनिक्स संगणक आला असून जिल्ह्यातील लहानमोठ्या सर्व तलावांची नोंद त्यावर करावयाची आहे. सदर संगणकावर जो एडिटर आहे तो एका वेळी एकच ओळ दाखवतो. वरच्या ओळीत काय लिहिलं ते पाहायचं तर ती पुन्हा मागवावी लागते. डोळ्याला फडकं बांधून भिंत सारवावी तसं आमचं काम चाललं आहे.

मशीन दुरुस्तीला आलेला इंजिनिअर म्हणाला, "बंगलोरला तुमच्याच भागातला एक बुधराम आहे. पूर्ण पान दाखवणाऱ्या एडिटरचा सोर्स त्याच्याकडे आहे, मागेल त्याला फुकट देतो." मी पत्ता उतरवून घेतला. आपण माझे सख्खे थोरले भाऊ आहात ही बाब त्याला सांगितली नाही. नऊ वर्षांत एकमेकांना कागदाचा चिटोरा नाही, तर सांगणार काय?

तरी सदर फ्लॉपी पाठवावी ही विनंती.

माय बरी आहे. हे कार्यालयीन पत्रात बसत नाही, पण लिहिलं.

आपला विश्वासू,
मुरारी
संगणक चालक


भंडारा, ९ ऑगस्ट १९८८

दादा,

'महोदय' सोडतो. तू उत्तरात "आपले पत्र पोचले" असं लिहिलंस ते वाचून मला माझंच हसू आलं. दोन भाऊ एकमेकांना जावक क्रमांक टाकून पत्रं लिहितात, असं तलाठ्याच्या घरीही होत नसेल.

दोन्ही फ्लॉप्या पोचल्या. वहीच्या पुठ्ठ्यांत घालून पाठवल्यास म्हणून वाकल्या नाहीत. मला वाटलं होतं, घातली फ्लॉपी की एडिटर चालू. तू तर शिजलेला भात सोडून बियाणंच पाठवलंस! आता पेरा, रोवा, कापा. हा सगळा सोर्स मशीनकडून कंपाइल करून घ्यायचा, म्हणजे माणसानं लिहिलेलं मशीनच्या भाषेत उतरवून घ्यायचं, तेव्हा कुठे प्रोग्राम तयार होणार. आणि त्याच्याही आधी ती तुझी यादी. तेवीस ओळी, प्रत्येकीपुढे एक किंवा शून्य. जे पाहिजे त्यापुढे एक, जे नको त्यापुढे शून्य.

मी सगळीकडे एक टाकला.

हसू नको. पंधरा वर्षं मी सरकारी अर्ज भरतो आहे, आधी आपले आणि मग लोकांचे. रकाना रिकामा ठेवला की अर्ज परत येतो हे मला पाठ आहे. आमचे कृष्णराव साहेब खुर्ची ओढून शेजारी बसले होते. तेही म्हणाले, "सब लगा दो मुरारी, पुढं कामी येते."

पन्नास मिनिटं मशीन घरघरत राहिलं. मग चुकांची अशी रांग लागली की कागद जमिनीवर लोळायला लागला. दुसऱ्या दिवशी यादी नीट वाचली तेव्हा कळलं की पहिल्या सहा ओळींत तू मशीनची जात विचारली होतीस, हे यंत्र आहे की ते. मी साही ठिकाणी एक टाकून आमच्या बिचाऱ्याला सहा जातींचं करून ठेवलं होतं.

आता कसं करू ते लिही. आणि साहेबांना वाचून दाखवता येईल असं लिही.

मुरारी

ता.क. तू पाकिटावर "मुऱ्या" लिहून खोडलंस. उजेडात धरलं की दिसतं.


भंडारा, ५ सप्टेंबर १९८८

प्रिय दादा,

तुझ्या सांगण्याप्रमाणे केलं. सगळ्या ओळी शून्य, फक्त मशीनची एक ओळ एक. कंपाइल केलं. मग स्क्रीनची ओळ एक, पुन्हा कंपाइल. दर खेपेला एकच बदल, दर खेपेला पाऊण तास. मधे वीज गेली की पहिल्यापासून. गेल्या मंगळवारी तीनदा वीज गेली आणि तीनदा मी कपाळाला हात लावला. चौथ्यांदा चुकीची एकही ओळ न येता काम संपलं.

दादा, पूर्ण पान दिसलं! वर-खाली कुठेही जाता येतं. साहेबांनी स्वतः चहा मागवला आणि पलीकडच्या दोन कार्यालयांतल्या माणसांना बोलावून आणलं. मी बाणाची कळ दाबून खाली जाऊन दाखवलं, वर येऊन दाखवलं. त्यापलीकडे मला अजून काही येत नव्हतं, पण लोक खूश होऊन गेले.

शनिवारी आसगावला गेलो. माय आजही तलावाच्या पाळीवर बसून जाळं विणते. गुडघे धरतात, पण हात थांबत नाहीत. नवं जाळं सुरू करत होती. सुरू करताना पहिल्याच भोकात बोटं घालून मोजते, तुला आठवत असेल. दोन बोटांचं केलं तर बारकी मासोळीही अडकते, चार बोटांचं केलं तर मोठीच तेवढी राहते. मी विचारलं, "मधात बदलवता नाही येत का?"

"कसं बदलवशीन? आदीच ठरवा लागते. चुकलं तं उसव आन फेर विन," ती म्हणाली. "तुले आजच काहून इचारावं वाटलं?"

मी म्हटलं, हापिसात असंच एक काम निघालं आहे. ती म्हणाली, सरकार आता जाळी विणते का?

तुला लिहितो आहे हे तिला अजून सांगितलेलं नाही. सांगेन. घाई काय आहे?

तिनं तुझं नाव नऊ वर्षांत माझ्यासमोर काढलेलं नाही. तुझा कंदील मात्र दर दिवाळीला पुसून ठेवते. त्याच्याच उजेडात अभ्यास करून तू गेलास.

मुरारी


भंडारा, १८ ऑक्टोबर १९८८

प्रिय दादा,

इंग्रजी झकास चाललं आहे, पण गेल्या महिन्यात खरी अडचण आली ती मी तुला लागलीच कळवली. आमच्याकडे मराठी अक्षरं दाखवणारा टर्मिनल आहे. वर्षभर त्यावर प्लास्टिकचं कव्हर होतं. साहेब म्हणाले, तलावांची आणि गावांची नावं मराठीतच पाहिजेत, इंग्रजीत लिहिलेलं आसगाव कोणाला कळणार! तर त्यावर तुझा एडिटर चालवला आणि 'आसगाव' टाकलं. स्क्रीनवर एक टिंब, एक पैशाची खूण आणि दोन मोडकी इंग्रजी अक्षरं आली. आपल्या गावाची ही दशा पाहून मला वाईट वाटलं.

त्यावर तू नुसतं पत्र पाठवून थांबला नाहीस. तिसरी फ्लॉपी पाठवलीस. प्रत्येक अक्षराला मशीन आठ घरं देतं, इंग्रजीचं सात घरांत भागतं म्हणून हा एडिटर आठवं घर कापून टाकतो, आणि मराठी नेमकी त्या आठव्या घरावर उभी आहे, हे तू इतकं सोपं करून लिहिलंस की साहेबांनाही समजलं. वर मराठीसाठी लागणारा भाग तू स्वतः बसून लिहिलास. किती रविवार गेले असतील तुझे?

त्या सोर्समध्ये मधेच एके ठिकाणी इंग्रजी अक्षरांत मराठी वाक्य सापडलं : "मुऱ्या, इथे हात लावू नको, जळशील." लहानपणी चुलीपाशी हेच ओरडायचास. मी उठून बाहेर गेलो, पाणी प्यालो आणि मग परत येऊन बसलो.

पण तुझा मराठीचा भाग जागा फार खातो. आमच्या मशीनची मेमरी एवढीशी, सगळं मावत नाही. काहीतरी शून्य करावंच लागेल. मदतीची इंग्रजी पानं काढली. रंगांची ओळ काढली, नाहीतरी आमचा स्क्रीन हिरवा. तरी मावेना. तू म्हणतोस, गुप्त लिखाणाची ओळ शून्य कर. परवलीचा शब्द दिल्याशिवाय फाइल कोणाला वाचता येऊ नये, अशी ती सोय. मी तुला लिहिलं होतं की तेवढी राहू दे, मला ती आवडते. त्यावर तू विचारलंस, "तलावांच्या यादीत तुला लपवायचं काय आहे रे?"

साहेबांना वाचून दाखवताना हे वाक्य मी गाळलं. उत्तर नंतर देतो.

मुरारी


भंडारा, २८ नोव्हेंबर १९८८

दादा,

महिनाभर लिहिलं नाही. धान कापणीचे दिवस, सुट्टी नव्हती, असं लिहायचं मनात होतं. पण आमच्याकडे धानाची एक बांधीही नाही हे तुला ठाऊक आहे.

लपवायचं आहे ते सांगतो.

बाबा गेले तेव्हा तुला तार उशिरा मिळाली. तू लगेच पत्र टाकलंस, "तेरवीला येऊ का? माय काय म्हणते?" बाहेरच्या मुलीशी लग्न केलं म्हणून घरात घेतील की नाही, अशी तुला धास्ती होती. ते पत्र मीच मायला वाचून दाखवलं. उत्तरही मीच लिहायचं होतं, नेहमीसारखं. ती सांगायची, मी लिहायचो, आणि ती शाईत अंगठा बुडवून खाली उठवायची.

तिनं सांगितलं, "त्याले लिव, ये. बायकोले घेऊन ये."

मी लिहिलं, "येऊ नको. आमचं तुझ्यावाचून अडलेलं नाही."

आणि कागद तिच्यापुढे धरला. तिनं विचारलं, लिहिलं का सारं? मी हो म्हटलं. तिनं अंगठा उठवला.

मला राग होता. तू बंगलोरला शिकायला आणि मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातून काढून होडीवर. बाबांच्या काविळीत रात्रंदिवस मी होतो आणि शेवटच्या दिवशी ते विचारत होते तुला. पण राग माझा होता आणि अंगठा तिचा. तू अंगठा पाहिलास आणि विश्वास ठेवलास. का नाही ठेवणार?

तिला वाटतं, बोलावूनही तू आला नाहीस. म्हणून तिनं पुन्हा पत्र सांगितलं नाही. तुला वाटलं, आईनंच दार लावलं. मी दोघांच्या मधे बसून चांगली नोकरी केली, लग्न केलं, दर शनिवारी तिच्या हातचं जेवलो. सुखात आहे दादा, हेही खरं सांगतो. फक्त ते वाक्य कुठेतरी खुपत राहिलं.

आज गुप्त लिखाणाची ओळ शून्य केली आणि आठव्या घराची एक. कंपाइल झालं, मावलं. पहिला शब्द 'आसगाव' टाकला. जसाच्या तसा उमटला.

शिव्या द्यायच्या असतील तर दे, पण उत्तर दे.

मुऱ्या


भंडारा, १० जानेवारी १९८९

दादा,

सहा आठवडे पोस्टमनची वाट पाहिली. तो बिचारा आता मला पाहून सायकल दुसऱ्या गल्लीतून नेतो.

काल तुझं पत्र आलं. शिव्या नाहीत. शिव्या असत्या तर बरं झालं असतं. "नऊ वर्षं मी ते वाक्य मायच्या आवाजात ऐकत होतो." एवढं वाचून मी पत्र घडी करून ठेवलं. पुढचं आज सकाळी वाचलं.

तुझी अट कबूल आहे. मायनं बोलावलं तर तू येशील. पण बोलावणं तिच्या शब्दांत पाहिजे, तिनं सांगितलेलं, जसंच्या तसं, "आणि या वेळी मधे तू नको." आणि ते यायच्या आधी, मी काय केलं ते तिला माझ्या तोंडून कळलं पाहिजे.

साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "या महिन्याच्या शेवटच्या रविवारी हापिस उघडून देतो. मायले मशीनवरच सांगू दे. पेननं लिहिशीन तं हात फेर वाकडा जाइन." मी मशीनवर ती बोलेल ते टंकणार. एकदा उमटलं की मागे जाऊन एक अक्षर खोडणार नाही. तो एडिटर तूच घडवला आहेस, तूच साक्षीदार.

तिला काय सांगू, कसं सांगू, काही ठरवलेलं नाही.

तुझ्या मुलीचं वय सहा, हे तू शेवटच्या ओळीत लिहिलंस. मला पुतणी आहे आणि ती सहा वर्षांची झाली! एवढं मात्र आज मायला सांगून येतो, बाकीचं त्या रविवारी.

मुऱ्या


भंडारा, २९ जानेवारी १९८९, रविवार

बुधा,

मी माय बोलून राहिली. मुऱ्याच्या हापिसात बसली हाव. याहीची खुर्ची फिरते, म्हून भिताले टेकवून बसली. मुऱ्या म्हन्ते, तू जे बोलशीन थे सारं उमटन. मी आता खोकलली, थे नाही उमटलं. म्हंजे सारं नाही उमटत.

अरे बापा, हे तं खरंच उमटून राहिलं. बुधा कोनतं? हे होय? दोनच अक्षर? एवढ्या मोठ्या पोट्ट्याचे दोनच?

बरं. मी बरी हाव. गुडघे दुखतेत. जाळं तीन बोटाचं विनून राहिली. तलावात यंदा पानी हाय, मासोळी हाय. मुऱ्याची बायको चांगली हाय, पन मासोळीत तिखट कमी टाकते.

तुले पोरगी हाय म्हून मुऱ्यानं सांगतलं. सा वर्साची. तिले पोहता येते का? तुमच्या तिकडं तलाव हाय का नाही? ढिवराची पोरगी आन पोहता नाही येत, असं नाही चालत. मी शिकवीन.

आता एक इचाराचं हाय. तुया बाप मेला तवा तू इचारलं होतं, येऊ का. मी ये म्हनली होती. तेरवीले मी तुयं ताट वाढून ठेवलं होतं, तुया बायकोचंई. सांजपावतर पाह्यलं. मंग गाईले घातलं. काहून नाही आला रे?

मुऱ्या, तू काहून थांबला? लिव ना. काय झालं? काय म्हन्तं?

फेर सांग.

लिव. हेही लिव. त्यानं तुले सांगतलं ना, मधात तू नको म्हून? मंग मी जे बोलून राहिली थे लिव. बुधा, हा मुऱ्या आता मले सांगून राहिला, का मी ये म्हनली आन यानं येऊ नको लिवलं. माया अंगठ्याच्या वर. मी पुसलं, लिवलं का सारं, तं हो म्हने.

थांब. मले बसू दे जराशी.

आता मी याच्या पाठीत एक देल्ली. लिव, देल्ली म्हून. आनखी एक देल्ली. दोन लिव.

नऊ साल मी बुधावर रागावली, बुधा मायावर रागावला. आन ज्याच्यावर रागवाचं होतं थो शनवारच्या शनवारी माया बाजूले बसून मासोळी खाऊन राहिला! काटे काढून देत होती मी याले.

रडू नको रे. त्या मशीनच्या कळाईत पानी जाइन, तुया साहेब बोलन. तुलेई कॉलेजातून आमीच काढलं, थे मले मालूम हाय. त्याचं कोनी तुले पुसलं नाही, मीई नाही. पुसाले पाह्यजे होतं. हेही लिव.

गाठ चुकली तं मी काय करतो? उसवतो आन फेर विनतो. जाळं कोनी फेकते का?

बुधा, आता आयक. हे मी बोलून राहिली, मुऱ्या नाही. ये. बायकोले घेऊन ये, पोरीले घेऊन ये. नागपूरपावतर रेल्वेनं ये, तेथून एस्टीनं ये. मुऱ्या स्टँडवर उभा राहीन. नाही राहिला तं तिसरी देईन.

मुऱ्या, यात ये कोनतं थे दाखव मले. हे? बोट ठेवून दाखव. हे? एवढंसं? एवढंच लिवाचं होतं रे तुले?

कागद बाहेर निंगाला का मले फेर दाखवजो. अंगठा मी आता खाली नाही लावत. त्या शब्दाच्या वरच लावीन, म्हंजे कोनी दुसरं काही लिवन नाही तेथं.

बस. छाप आता. काही काढू नको, काही घालू नको.

ये.

बायाबाई
निशाणी डावा अंगठा, वरील शब्दावर